मदत हवी आहे : वडिलांचं डोकं चालेना, अल्झायमर आहे का?

मोंढा_परभणी :
वडिलांना काय झालंय कळेना. आयुष्यभर आडतीचा हिशोब तोंडी केला, आता एक हिशोबपट्टी करायची तर तासभर कागदाकडे बघत बसतात. आधी काय करायचं, नंतर काय, हेच सुचत नाही. नावं मात्र सगळी आठवतात, कोणत्या शेतकऱ्याला किती उचल दिली तेही. गल्लीतले म्हणतात साठी बुद्धी नाठी. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली तर रात्री जास्तच बरळायला लागले. हा अल्झायमर आहे का? कुणाला दाखवू? लवकर सांगा, आई रडकुंडीला आलीय.

मांजरा_काठ :
वय किती? बीपी-शुगर आहे का? हळूहळू झालं की एकदम? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ.

मोंढा_परभणी :
वय ६९. एकदमच झालं. पोळ्यापर्यंत दुकानात बसत होते. पोळ्यानंतर बिघडलं, मग बरेच दिवस तसंच होतं, दिवाळीत पुन्हा एकदम खाली आले. बीपी आहे.

काढा_घरचा :
ब्राह्मी आन् शंखपुष्पी सुरू करा, रोज सकाळी नाकात गाईचं तूप. माझ्या मामाला लई फरक पडला. एमआरआय-बिमारायच्या नादी लागू नका, नुसता पैसा जातो.

सिस्टर_अंबाजोगाई :
दादा, मी वॉर्डात बरीच वर्षं काढलीत, म्हणून विचारते. चालणं बदललंय का? पाय घासत, छोटी पावलं टाकतात का? लघवी आवरत नाही असं होतं का? कारण नसताना रडू येतं का? आणि कधी तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं असं झालं होतं का, थोड्या वेळापुरतं का होईना?

मोंढा_परभणी :
पाय घासतात, हो. संडास-बाथरूमपर्यंत पोचत नाहीत कधीकधी. टीव्हीवर लग्न लागलं तरी रडतात, आम्हाला वाटलं वयामुळे हळवे झालेत. मागच्या उन्हाळ्यात डावा हात लुळा पडला होता, पण संध्याकाळपर्यंत नीट झाला, ऊन लागलं म्हणाले. बीपीची गोळी त्यांनी तेव्हाच्या आधीच सोडली होती, बरं वाटतंय म्हणून.

सिस्टर_अंबाजोगाई :
हे सगळ्यात आधी सांगायचं होतं. हात नीट झाला तरी तो मेंदूच्या झटक्याचा इशारा होता. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, तिथला भाग उपाशी राहतो, त्यातून जो स्मृतिभ्रंश होतो त्याला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमरमध्ये बहुतेकांची आधी ताजी आठवण जाते आणि उतार सावकाश असतो. यात आधी विचार मंदावतो, कामाचा क्रम लागत नाही, हिशोब चुकतो, आणि पायरी उतरल्यासारखा माणूस एकदम खाली येतो, तिथं थांबतो, पुन्हा उतरतो. म्हणून नावं आठवतात यावर जाऊ नका. पण बघितल्याशिवाय नाव चिकटवणार नाही, दोन्ही एकत्रही असतात. झोपेच्या गोळीनं म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढू शकतो, आजच त्या डॉक्टरांना फोन करून कळवा.

नांदेडी :
थेट हैदराबादला न्या. आमच्याकडचे सगळे तिकडंच जातात. तोवर रक्त पातळ करायची गोळी सुरू करा, माझ्या काकांना तीच चालू आहे.

मांजरा_काठ :
गोळी कशी काय सांगता हो मनानं? आत रक्तस्राव असेल तर ती गोळी जीव घेईल. आधी स्कॅन. आणि पडले होते का विचारा, डोक्याला मार लागला असेल तर आठवड्यांनीही आत रक्त साकळतं. बी-१२, थायरॉइड, सोडियम, लघवीचं इन्फेक्शन यांनीही असंच होतं, आणि ते बरं होण्यासारखं असतं. माझ्या आत्याचं बी-१२ निघालं.

काढा_घरचा :
म्हणूनच म्हणतो, निसर्गोपचारानं नुकसान तरी होत नाही.

सिस्टर_अंबाजोगाई :
नुकसान वेळेचं होतं, भाऊ. मेलेला भाग परत येत नाही, पुढचा झटका मात्र अडवता येतो, तो बीपी, शुगर आणि तंबाखू आवरून. काढ्यावर महिना घालवला आणि तेवढ्यात दुसरा झटका आला, असे पेशंट मी हातानं उचललेत.

सातबारा_वाले :
जमीन वडिलांच्या नावावर आहे का? समज आहे तोवर मृत्युपत्र, बँकेचं नॉमिनेशन उरकून घ्या. आमच्याकडे भावाभावांत कोर्ट चालू आहे.

ऊसतोड_बीड :
मोंढ्यात दुकान कोणतं तुमचं? सोयाबीनला काय भाव चाललाय सध्या?

मोंढा_परभणी :
सोयाबीनच्या भावाचं नंतर बोलू. जमिनीचं आत्ता डोक्यातही नाही. हैदराबाद जमणार नाही, आईला एकटीला सोडता येत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात होईल का? आणि गोळ्यांची चिठ्ठी हरवलीय.

सिस्टर_अंबाजोगाई :
सुरुवात तिथूनच करा, नाहीतर संभाजीनगरला घाटीचा सरकारी दवाखाना आहे. चिठ्ठी नसली तरी रिकामी पाकिटं सगळी न्या, झोपेच्या गोळीचंही. पेसमेकर बसवला असेल तर एमआरआयच्या आधी सांगा. पुन्हा तोंड वाकडं झालं किंवा हात गळाला तर संध्याकाळची वाट बघू नका, १०८ लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. आणि आईला सोबतच न्या. दिवसभर त्या जवळ असतात, डॉक्टर त्यांनाच जास्त विचारतील.

मोंढा_परभणी :
सोमवारी निघतो, आईला घेऊनच. पेसमेकर नाही. तंबाखू आहे, ते लिहायचं राहिलं होतं.