हापशाभोवतीचं शिल्प: कला की गावकाम?

पाणवठा: मुंबईच्या चित्रकार-शिल्पकार नवज्योत अल्ताफ १९९७पासून बस्तरमधल्या कोंडागावात आदिवासी कलाकारांबरोबर काम करत आल्या आहेत. त्यातलं ‘नलपार’ मला फार मोलाचं वाटतं. राजकुमार, शांतीबाई, गेस्सूराम या सहकाऱ्यांसोबत आणि तिथल्या लोकांशी बोलून त्यांनी हापशांभोवतीच्या जागा घडवल्या. भरलेलं भांडं डोक्यावर घेताना मध्ये टेकवायची सोय आणि भोवतालच्या भिंतींवर तिथलीच चिन्हं. हे शिल्प डोळ्यांपेक्षा मानेला आणि कमरेला आधी कळतं. गॅलरीत ज्याला हातही लावू देत नाहीत, त्याहून मला हे मोठं वाटतं.

करवत: असहमत. हापशाचा कट्टा बांधणं हे पंचायतीचं काम. कलाकारानं केलं म्हणून ती कला होते का? कलासमीक्षक क्लेअर बिशप यांनी २००६मध्ये हाच मुद्दा मांडला होता: अशा कामांचं मोजमाप ‘सहभाग किती प्रामाणिक’ एवढ्यावरच होतं, कला म्हणून कस लावलाच जात नाही. लोकांसाठी केलंय म्हटल्यावर टीका करायचीही चोरी.

पाणवठा: कस लावता येतो की! टेकू चुकीच्या उंचीवर असला, तर शिल्प फसलं. आणि तो निकाल समीक्षक देणार नाही, रोज पाणी नेणारी बाई देईल. इतकी कडक परीक्षा किती चित्रांची होते?

करवत: ही परीक्षा चांगल्या गवंड्यालाही लागू आहे. मग फरक काय उरला?

सांजवात: फरक ठरवण्याच्या पद्धतीत आहे. गवंड्याच्या हातात नकाशा तयार येतो. इथे तो बोलण्यातून तयार होतो. कला-अभ्यासक ग्रँट केस्टर अशा संवादालाच कलाकृतीचा गाभा मानतात. न्यूयॉर्कमध्ये मिअरल लेडरमन युकेलिस या कलाकार बाईंनी १९७९-८०मध्ये सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला, आभार मानले. ज्यांचा स्पर्श लोक टाळतात त्यांचा हात हातात घेणं, हेच ते काम. मला ते वाचूनही भरून येतं.

करवत: युकेलिस यांचं धैर्य मला मान्य आहे. पण तिथेही इतिहासात नाव राहिलं ते एकीचंच. माझा खरा आक्षेप हाच आहे: घाम अनेकांचा आणि सही एकाची.

पाणवठा: म्हणून तर मी वर शांतीबाईंचं आणि बाकीच्यांचं नाव घेतलं. त्या स्वतः लाकूड कोरतात, कुणाच्या मदतनीस नाहीत.

करवत: तुम्ही घेतलंत. प्रदर्शनाच्या पाटीवर ही नावं त्याच आकाराच्या अक्षरांत हवीत, आणि मानधनही त्याच हिशेबानं. एवढं झालं तर ‘सहभाग’ म्हणायला माझी हरकत नाही. कला म्हणायला मात्र अजून आहे.