रावेन्ना एका दिवसात: कुठली मोझेक आधी, काय सोडायचं?

फिरस्ती

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये इटलीत बोलोन्याला मुक्काम आहे आणि त्यातला एक अख्खा दिवस रावेन्नासाठी राखून ठेवलाय. सोबत सत्तरीतले आईबाबा. दोघांचं चालणं व्यवस्थित आहे, फक्त जिने आणि ताटकळणं टाळायचंय. युनेस्कोच्या यादीत तिथल्या आठ वास्तू दिसतात. आठही एका दिवसात होतात का? नसतील तर काय गाळायचं? तिकिटं आधी काढावी लागतात का? कला-इतिहासाचा अभ्यास नाही, त्यामुळे तिथे उभं राहून नेमकं काय बघायचं हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. आणि हो, आईबाबा शाकाहारी आहेत.

घुमटखोर

आठ होतात, पण धावपळ होते. सहा निवांत बघा.

आधी तिकिटांचं. आठपैकी पाच वास्तू तिथल्या धर्मप्रांताकडे आहेत आणि त्यांना मिळून एकच तिकीट चालतं: सान व्हिताले चर्च, गाल्ला प्लाचिदियाची समाधी, निओनचं बाप्तिस्मागृह, सांत आपोल्लिनारे नुओव्हो आणि आर्चबिशपच्या वाड्यातलं संग्रहालय (छोटं प्रार्थनागृह त्यातच आहे). उरलेल्या तीन, म्हणजे आरियन बाप्तिस्मागृह, थिओडोरिकची समाधी आणि क्लास्सेची बॅसिलिका (मोठं जुनं चर्च), सरकारी आहेत. त्यांचं तिकीट वेगळं. पाचांचं तिकीट हातात आहे म्हणून लोक आरियन बाप्तिस्मागृहाच्या दारात जाऊन वाद घालतात, त्याचा काही उपयोग नसतो.

पाचांपैकी गाल्ला प्लाचिदिया आणि निओनचं बाप्तिस्मागृह या दोन जागा अगदी लहान आहेत. माणसांच्या श्वासातली वाफ आतल्या चुन्याला आणि मोझेकला (बारीक तुकडे जडवून केलेल्या चित्रांना) बाधते, म्हणून तिथे ठरलेल्या वेळेलाच आणि जेमतेम पाच मिनिटांसाठी सोडतात. ऑनलाइन तिकीट काढताना या दोन वेळा निवडाव्या लागतात. पहिली वेळ गाडी पोहोचल्यावर किमान तासाभराने घ्या. गाडी वीस मिनिटं उशिरा येणं हा तिकडे रोजचा प्रकार आहे, आणि स्टेशनपासून सान व्हितालेपर्यंत आईबाबांच्या चालीने वीस मिनिटं धराच. दोन वेळांमध्ये दीड तासाचं अंतर ठेवा, म्हणजे मधे सान व्हिताले घाई न करता होतं.

क्रम असा ठेवा: गाल्ला प्लाचिदिया, तिथेच आवारात सान व्हिताले, मग चालत निओनचं बाप्तिस्मागृह आणि त्याला लागून असलेलं आर्चबिशपचं संग्रहालय, जेवण, सांत आपोल्लिनारे नुओव्हो, आणि शेवटी क्लास्से. नुओव्हो स्टेशनच्या बाजूला पडतं, त्यामुळे उलट चालावं लागत नाही. गाव सपाट आहे, चढ नाही. मात्र सायकलवाले आवाज न करता मागून येतात, आईबाबांना तेवढं सांगून ठेवा.

थिओडोरिकची समाधी गाळा. वास्तू म्हणून अफाट आहे, इस्त्रियाच्या दगडाची, वर सुमारे दहा मीटर व्यासाचं अखंड दगडाचं झाकण. पण आत मोझेक नाही आणि ती रुळांच्या पलीकडे आहे.

खडूफळा

काय बघायचं याबद्दल. सनावळी पाठ करायची गरज नाही, पण राज्य तीनदा हातबदल झालं एवढं डोक्यात असू द्या. ४०२ मध्ये सम्राट होनोरिअसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे आणली, कारण भोवती दलदल होती आणि शेजारी क्लास्सेचं बंदर. गाल्ला प्लाचिदिया ही त्याची बहीण. ४९३ पासून इथे गॉथ राजा थिओडोरिक. तो ख्रिस्तीच, पण आरियन पंथाचा, म्हणजे पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही असं मानणारा. ५४० मध्ये पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने शहर घेतलं आणि कॉन्स्टँटिनोपलचा अंमल सुरू झाला. तिन्ही राजवटींनी भिंतींवर आपापलं म्हणणं मांडलंय, आणि शेवटच्यांनी मधल्यांचं खोडलंय.

ते खोडलेलं प्रत्यक्ष दिसतं सांत आपोल्लिनारे नुओव्होमध्ये. हे थिओडोरिकच्या राजवाड्याचं चर्च. आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर, दाराकडच्या टोकाला, 'पालातिउम' असं लिहिलेला राजवाडा आहे. त्याच्या कमानींत पूर्वी माणसं होती, बहुधा राजा आणि दरबारी. ५६० नंतर आर्चबिशप आन्येलुसच्या काळात ती उखडून तिथे पांढरे पडदे बसवले. पण खांबांवर आलेले हात तसेच राहिले. खांब एकेक करून नजरेखालून घाला: पांढऱ्या खांबावर कोपरापासूनचा एक हात, त्याला धड नाही. बाजूच्या मोकळ्या सोनेरी जागेत डोक्यांच्या आकाराचे वेगळ्या छटेचे ठिपकेही कळतात. गाइडशिवाय येणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या हे लक्षात येत नाही, कारण सगळे पुढच्या मिरवणुकीकडे बघत असतात. मिरवणूकही त्याच काळात बसवलेली. उजवीकडे २६ हुतात्मे, डावीकडे २२ कुमारिका, त्यांच्या पुढे लाल टोप्या घातलेले, बाळ येशूला भेटी आणणारे तीन ज्ञानी पुरुष. अगदी वरच्या पट्टीत ख्रिस्ताच्या आयुष्यातले २६ छोटे प्रसंग आहेत आणि ते मात्र थिओडोरिकच्या काळचे. डाव्या भिंतीवर ख्रिस्ताला दाढी नाही, उजव्या भिंतीवर आहे. ही पट्टी फार उंचावर आहे. दुर्बीण असेल तर बॅगेत टाकाच, साधी पक्षी बघायची चालते.

गाल्ला प्लाचिदियात पाच मिनिटंच मिळतात, म्हणून तयारीने जा. बाहेरून विटांची साधी झोपडीवजा इमारत. जमीन खचल्यामुळे आतली फरशी वर उचललेली आहे, दीडेक मीटर तरी. म्हणून छत अगदी जवळ येतं. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या उजेड झिरपू देणाऱ्या दगडाचे पातळ तक्ते आहेत, त्यातून मधाळ पिवळा उजेड झिरपतो आणि तो फार कमी असतो. लख्ख उन्हातून थेट आत गेलात तर पहिली दोन मिनिटं नुसता अंधार दिसतो आणि पाचातली दोन वाया जातात. रांगेत असतानाच काळा चष्मा लावून ठेवा आणि आत पाऊल टाकताना काढा. आत गेल्यावर समोर संत लॉरेन्स, जळत्या जाळीकडे निघालेला, आणि डावीकडे उघडं कपाट, त्यात चार शुभवर्तमानं (ख्रिस्ताच्या चरित्राचे ग्रंथ) नावांसकट मांडलेली. मग वर निळा घुमट, ताऱ्यांनी भरलेला. आणि मग मागे वळा. सगळ्यात सुंदर चित्र, मेंढरांमध्ये बसलेला तरुण मेंढपाळ ख्रिस्त, दाराच्याच वर आहे. वळायचं राहिलं की ते राहिलंच. नाव समाधीचं असलं तरी गाल्ला ४५० मध्ये रोममध्ये वारली आणि इथे पुरलेली नसावी असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

सान व्हिताले ५४७ चं. आत गेल्यावर वर बघून हिरमोड होतो, कारण मधल्या घुमटावर अठराव्या शतकातली रंगवलेली चित्रं आहेत. तिथे रेंगाळू नका, सरळ वेदीकडे जा. वेदीमागच्या भागात डाव्या भिंतीवर जस्टिनियन, उजव्या भिंतीवर त्याची सम्राज्ञी थिओडोरा, समोरासमोर. त्याच्या हातात ताट, तिच्या हातात चषक. ही दोघं रावेन्नाला कधी आलीच नाहीत. सम्राटाच्या पॅनेलमध्ये नाव फक्त एकाच्या डोक्यावर लिहिलंय, आणि तो सम्राट नाही, स्थानिक बिशप माक्सिमिआनुस! पैसा लावला होता ज्युलिआनुस आर्जेंतारिउस नावाच्या सावकाराने. थिओडोराच्या झग्याचा खालचा काठ बघा, त्यावर भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष भरतकामासारखे विणलेत. ती ५४८ मध्ये गेली, म्हणजे हे पूर्ण झाल्यावर वर्षाच्या आसपास.

आता चमक कुठून येते ते. सोनेरी तुकडा म्हणजे जाड काच, तिच्यावर सोन्याचा वर्ख, वर पुन्हा काचेचा पातळ पापुद्रा. हे तुकडे ओल्या चुन्यात हाताने दाबून बसवलेले, त्यामुळे एकही शेजारच्याच्या पातळीत नाही. शिवाय ते मुद्दाम थोडे कललेले ठेवत. म्हणून एका जागी उभं राहून बघण्यात मजा नाही. जस्टिनियनकडे बघत चार पावलं बाजूला सरका, प्रभावळीचा उजेड आपल्याबरोबर सरकतो. चेहऱ्यांचे तुकडे कपड्यांपेक्षा बारीक आहेत, गालाची छटा तिथून येते. फ्लॅशला सगळीकडे बंदी आहे, आणि नसती तरी उपयोग शून्य: समोरून येणाऱ्या एकाच उजेडात सोनं पितळेच्या पत्र्यागत सपाट दिसतं.

रूळावरून

गाडीबद्दल. बोलोन्या ते रावेन्ना रेजिओनाले (प्रादेशिक) गाडीने साधारण सव्वा तास. काही गाड्या थेट आहेत, काहींना कास्तेल बोलोन्येझे किंवा फाएन्झाला बदल आहे. आईबाबा सोबत असताना थेटच धरा. आरक्षण नसतं, भाडं ठरलेलं असतं, आदल्या दिवशी काढलं काय आणि आधी महिनाभर काढलं काय, सारखंच. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उमटवा. मोबाइलवरच्या तिकिटाला चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो, आणि "आम्ही परदेशी आहोत" हे तिकीट तपासनीस रोज ऐकतो.

जाण्याआधी 'शोपेरो', म्हणजे संप आहे का ते बघा. संप आधीच जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. त्या दोन खिडक्यांत जाणं-येणं बसवलं तर दिवस वाचतो.

जड सामान बोलोन्यातच ठेवा. पाठीवर मोठ्या बॅगा घेऊन त्या लहान वास्तूंत जाणं म्हणजे दारातच अडकणं.

तिखटमीठ

घुमटखोर, थिओडोरिकबद्दल सहमत. पण आरियन बाप्तिस्मागृह गाळायला माझी हरकत आहे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि निओनचं बघितल्यावर हे बघितलं की खडूफळा म्हणतात ती हातबदलाची गोष्ट कळते. दोन्ही घुमटांत विषय एकच: नदीत उभा ख्रिस्त, बाप्तिस्मा, भोवती बारा प्रेषित. निओनच्या घुमटात मधल्या चित्राची एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली, त्यामुळे ख्रिस्ताचं डोकं आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या हातातली ताटली नंतरची आहे. आरियनमध्ये ख्रिस्त मिसरूडही न फुटलेला पोरगा आहे आणि बाजूला जॉर्डन नदी म्हातारा होऊन बसलीय, डोक्यावर खेकड्याच्या नांग्या! मात्र इथे फक्त घुमट शिल्लक आहे, भिंती उघड्या. निओनच्या मानाने ओकंबोकं वाटेल.

क्लास्से मात्र काही झालं तरी गाळू नका. ५४९ ची बॅसिलिका, गावाबाहेर पाचेक किलोमीटर. वेदीमागे हिरवंगार कुरण, मधे संत आपोल्लिनारे हात पसरून उभा, दोन्ही बाजूंना सहा-सहा मेंढ्या. वर निळ्या चकतीत रत्नजडित क्रूस आणि ९९ तारे. क्रूसाच्या ऐन मध्यावर अंगठ्याएवढा दिसणारा ख्रिस्ताचा चेहरा आहे, तो दुर्बिणीने शोधा. बाजूच्या भिंती बोडक्या का, असा प्रश्न पडेल. पंधराव्या शतकात शेजारच्या रिमिनी शहराचा सत्ताधीश मालातेस्ता याने तिथला संगमरवर आपल्या बांधकामासाठी उचलून नेला.

खाण्याचं. पियादिना म्हणजे तिकडची तव्यावरची जाडसर पोळी, पण पिठात बहुतेक ठिकाणी 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी असते. आत नुसतं चीज भरलं म्हणून ती शाकाहारी होत नाही. "सेन्झा स्त्रुत्तो?" असं विचारा. ऑलिव्ह तेलातली मिळते, तिला "आल्लोलिओ" म्हणतात. आत स्क्वाक्वेरोने हे मऊ चीज आणि रुकोला (एक पालेभाजी) घ्या. काप्पेल्लेत्ती (भरलेला छोटा पास्ता) आत चीज आहे एवढ्यावरच घेऊ नका, त्या मांसाच्या रश्श्यात येतात. रश्श्याशिवाय, लोणी आणि सेजच्या पानांत, "बुर्रो ए साल्व्हिआ" करून देतात का ते विचारा. साडेबारा ते अडीच या वेळेतच बसा. तीनला गेलात तर स्वयंपाकघर बंद आणि नुसती कॉफी.

फिरस्ती

मनापासून धन्यवाद सगळ्यांना. दोन शंका. क्लास्सेला बसने की गाडीने? आणि आमच्याकडे रविवार किंवा सोमवार असे दोनच दिवस आहेत, कुठला बरा?

घुमटखोर

सोमवार. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असतात. क्लास्सेला तर रविवारी सकाळी पर्यटकांना घेत नाहीत, दुपारनंतर सोडतात. सोमवारी सान व्हितालेला लागून असलेलं राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं, पण तुमच्या यादीत ते नाहीच. हिवाळी वेळापत्रक सुरू झालं की दारं लवकर बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी संपतो, म्हणून आदल्या रात्री वेळा पुन्हा बघा.

तिखटमीठ यांचं मान्य, जेवणानंतर नुओव्होला जाताना वाटेत आरियन घ्या.

क्लास्सेला स्टेशनजवळून ४ क्रमांकाची बस जाते. तिकीट चढण्याआधी तंबाखूच्या दुकानातून घ्या, परतीचंही तेव्हाच, आणि चढल्यावर यंत्रात घालायला विसरू नका. रिमिनीकडे जाणारी लोकलसुद्धा क्लास्सेला थांबते, पाच मिनिटांचा प्रवास आणि बॅसिलिका तिथून चालत. पण गाड्या विरळ आहेत, एक चुकली तर तासभर फलाटावर बसावं लागतं. जाताना जे आधी मिळेल ते घ्या, येताना बस.

खडूफळा

जेवणानंतर हाताशी अर्धा तास असेल तर कवी दांतेच्या समाधीशेजारचं सान फ्रान्चेस्को चर्च बघा. फुकट आहे. वेदीखालच्या तळघरात भूजल भरलंय, पाण्याखाली जुनी मोझेक फरशी आणि वर लाल मासे फिरत असतात. दिवा लावायला पेटीत नाणं टाकावं लागतं, तेव्हा एक युरोची सुटी नाणी खिशात असू द्या. तळघरात उतरायची गरज नाही, वरच्या झरोक्यातूनच दिसतं. आईबाबांना एक-दोन पायऱ्यांपलीकडे त्रास नाही.