मुदत संपली की फाइल बंद. मग बाईचं काय?

कोरा कागद:
मी कौटुंबिक हिंसेच्या केसेस बघते. देणगीदाराचा नियम असा की एका केसला सहा महिने, मग फाइल बंद. फॉर्मच्या शेवटी दोनच चौकटी: ‘केस पूर्ण’ आणि ‘संपर्क तुटला’. माझ्याकडची एक बाई पाचव्या महिन्यात नवऱ्याकडे परत गेली आणि सातव्यात एका रात्री लेकराला कडेवर घेऊन पुन्हा दाराशी उभी. यात नवल काहीच नाही. घर कायमचं सुटेपर्यंत बाया अनेकदा परत जातात, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फॉर्मला तेवढं ठाऊक नाही. समन्वयक म्हणाले, “नवीन केस दाखवा, आपला आकडाही वाढेल.” मी दाखवली. तिला आणखी सहा महिने मिळाले, संस्थेला एक ‘नवीन लाभार्थी’ मिळाला. माझं चुकलं का?

जमाखर्च:
चुकलंच. मी बरीच वर्षं संस्थांचे अहवाल आणि निधीचे प्रस्ताव लिहितोय, म्हणून स्पष्ट सांगतो. आज फुगवलेला आकडा पुढच्या वर्षी टार्गेट होऊन तुमच्याच डोक्यावर बसतो, माणसं मात्र तेवढीच. आणि देणगीदार यातून काय शिकला? सहा महिने पुरतात. नियम चुकीचा होता, तुम्ही तो कागदावर बरोबर ठरवून दिलात.

आडवाट:
अहो, रात्री दारात उभ्या असलेल्या बाईला काय सांगायचं, ‘थांबा, आधी देणगीदाराला पत्र लिहितो’? मायकेल लिप्स्की या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८० मध्येच मांडलं होतं, की माणसं आणि वेळ अपुरा पडला की थेट लोकांशी काम करणारे कर्मचारी सोप्या केसेस निवडू लागतात. मलई काढून घ्यायची, बाकीचं सोडून द्यायचं. मी पूर्वी जिथे होतो तिथे व्यसनी माणसाला पहिल्या भेटीतच दुसरीकडे पाठवायचे, यशाचं प्रमाण बिघडू नये म्हणून. तिथला एकही आकडा खोटा नव्हता, ऑडिटरही खूश! कोरा कागद यांनी निदान अवघड केस आत घेतली.

जमाखर्च:
मलईचा मुद्दा मान्य. पण दोन्हीकडे देणगीदाराला खरं कुणी सांगत नाही, हे तर एकच ना? प्रशासकीय खर्चाचं तसंच. संस्था तो कमी करून दाखवतात, मग देणगीदाराला तेवढाच रास्त वाटतो, मग आणखी कमी दाखवावा लागतो. २००९ मध्ये दोन अभ्यासकांनी याला संस्थांच्या उपासमारीचं चक्र म्हटलं होतं. चांगल्या हेतूनेच सुरू होतं हो हे सगळं.

तिसरी घंटा:
‘खरं सांगा’ म्हणणं सोपं आहे. सामाजिक कार्यकर्त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१८ च्या नीतितत्त्वांत हे लिहिलेलंच आहे: साधनं अपुरी असतील तर मालक, धोरणकर्ते, जनता यांच्या नजरेस आणून द्या, आणि तसं केल्याबद्दल कार्यकर्त्याला शिक्षा होता कामा नये. मी आणून दिलं, लेखी. शिक्षा कुणीच केली नाही. फक्त वर्षाचा करार पुढे वाढला नाही. जमाखर्च, प्रस्ताव तुम्ही लिहिता. मुदतीची अट तिथेच का नाही खोडून मागत?

जमाखर्च:
एकदा मागितली होती. प्रस्ताव परत आला. नंतर नाही मागितली.

आडवाट:
मग आम्हाला कशाला शिकवता?

कोरा कागद:
एक गोष्ट आधी लिहिली नाही, लाज वाटली म्हणून. नवीन केस म्हटल्यावर पहिल्या भेटीचा फॉर्मही नव्याने भरावा लागला. लग्न कधी झालं, पहिली मारहाण कधी, कशाने मारलं. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, “ताई, हे तुम्हाला सांगितलंय ना मी?” मी मान हलवली आणि पेन तसंच धरून ठेवलं. चौकट रिकामी सोडता येत नव्हती. तिला मदत मिळाली हे खरंच, पण आडवाट, त्या अर्ध्या तासाचा हिशोब मला कुठे मांडता येत नाही.

काल मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘जुनीच केस, पुन्हा उघडली’, आणि पुढे जुना क्रमांक टाकला. समन्वयकांनी अजून सही केलेली नाही. अहवाल शुक्रवारी जायचाय.