मदत हवी आहे: इंग्रजी वक्तृत्वाचे शेरे. 'ग्लिब' ही स्तुती की शिवी?

नमस्कार मंडळी,

मी मराठी माध्यमात शिकलेली, शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकबाई ऐनवेळी आजारी पडल्या आणि मला खुर्चीत बसवलं. गुण देणं जमलं, पण प्रत्येक मुलाला इंग्रजीत एका ओळीचा शेराही द्यायचा होता. आठवीची एक मुलगी कुठेही न अडखळता बोलली. शब्दकोशात 'फ्लुएंट'च्या शेजारी 'ग्लिब' दिसला. छोटा, सुटसुटीत शब्द. लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी तिची आई तणतणत आली. 'ग्लिब' म्हणजे अस्खलित खरं, पण गुळगुळीत, वरवरचं, मनात नसलेलं! माफी मागून शेरा बदलून दिला.

यंदा पुन्हा मलाच बोलावलंय (का ते विचारू नका), स्पर्धा शनिवारी आहे. 'एलोक्वंट' आणि 'आर्टिक्युलेट' यांत फरक काय? 'लॅकॉनिक' चालेल का? दणदणीत भाषणाला 'बॉम्बॅस्टिक' म्हणतात ना? अर्थ शब्दकोशात मिळतो हो, चव मिळत नाही. 'मितभाषी' कुठे म्हणायचं आणि 'घुम्या' कुठे, हे मराठीत मला कुणी शिकवलं नव्हतं.

बोरूबहाद्दर:
ताई, 'बॉम्बॅस्टिक' अजिबात नको! बॉम्बशी त्याचा काही संबंध नाही. 'बॉम्बॅस्ट' म्हणजे मुळात कापूस, कपडे फुगवायला आत भरायचे तो. आशय कमी आणि कापूस जास्त, असं ते भाषण. आपलं 'शब्दबंबाळ'. 'ग्रँडिलोक्वंट' त्याच पंगतीतला.
लॅटिन 'लोक्वी' म्हणजे बोलणे. 'एलोक्वंट'मध्ये त्याच्याआधी 'बाहेर' लागतं. पण त्याच घरातला 'लोक्वेशस' म्हणजे बडबड्या आणि 'व्हेंट्रिलोक्विस्ट' म्हणजे शब्दभ्रमकार, शब्दशः पोटातून बोलणारा. तेव्हा 'लोक्व' दिसलं की कौतुकच, असं धरू नका.
'आर्टिक्युलेट'च्या मुळाशी लहान सांधा आहे. प्रत्येक शब्द, प्रत्येक मुद्दा सुटा कळतो तो आर्टिक्युलेट. ऐकताना सभागृह चिडीचूप झालं, तर एलोक्वंट. हा दुसरा शब्द वीस मुलांत फार तर एकीला द्या.

परदेशी_पोपट:
बोरूबहाद्दरांना +१, पण अमेरिकेतून एक पुस्ती. इथे कृष्णवर्णीय माणसाला 'आर्टिक्युलेट' म्हटलं की 'तुमच्यातला असूनही नीट बोलतो' असा वास येतो. 2007 मध्ये बायडन यांनी ओबामांना हाच शब्द लावला, गदारोळ झाला आणि खुलासे करत बसावं लागलं. तुमच्या आठवीच्या वर्गात अर्थात चालेल.

सांजवात:
'लॅकॉनिक' शिवी नाही. लॅकोनिया हा स्पार्टाचा मुलूख, तिथली माणसं तुटक बोलण्यासाठी प्रसिद्ध. मॅसेडोनियाच्या फिलिपने 'मी तुमच्या देशात शिरलो तर धूळधाण करीन' अशी धमकी दिली, तेव्हा त्यांनी एका शब्दात उत्तर पाठवलं म्हणतात: 'तर'. पण पाच मिनिटांच्या स्पर्धेत दीड मिनिटात खाली बसलेल्या पोराला 'लॅकॉनिक' म्हणाल, तर तो टोमणाच वाटेल. 'कन्साइज' लिहा. तेही पोराने मुद्दे पुरे केले असतील तरच.
(गंमत बघा, ज्या फिलिपला स्पार्टाने एका शब्दात गप्प केलं, त्याच्यावर डेमॉस्थेनिसने अथेन्समध्ये भाषणांवर भाषणं झोडली. त्यावरून जळजळीत भाषणाला 'फिलिपिक' म्हणतात. शेऱ्यात नको, पण वाचताना भेटेल.)

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, वहीत उतरवून घेतलं. ती मुलगी यंदा नववीतून उतरतेय. तिला 'फ्लुएंट'च लिहीन म्हणते, आईसाहेब पहिल्या रांगेत असणार. 'व्हॉल्युबल' तेवढं राहिलं, त्याचं काय?

बोरूबहाद्दर:
तोंडाचा पट्टा घरंगळत सुटलेला. स्तुतीही नाही, शिवीही नाही. पालकसभेसाठी राखून ठेवा.