नाडी चांगली लागते, तरी वयामुळे पायाच्या नसांना रक्त कमी मिळतं म्हणजे काय?

सांगलीची_लेक
आई ७४ वर्षांची, गावी असते. गेल्या सहा-सात महिन्यांत तिची चप्पल पायातून सुटते आणि तिला कळतच नाही, दोन पावलं तशीच पुढे गेल्यावर कोणीतरी सांगतं. म्हणते पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतं, रात्री मोरीकडे जाताना भिंत धरून जाते. शुगर नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले वयामुळे नसांना रक्त कमी मिळतंय, चालायचंच. पण त्यांनीच पावलावरची नाडी बघितली आणि ती छान लागते म्हणाले. मग रक्त कमी कसं? आणि रक्त तर नसेतूनच वाहतं ना, नसेला रक्त मिळतं म्हणजे काय? कोणी नीट समजावेल का, फार काळजी लागलीय.

रानजाई
न्यूरोलॉजीत काम करते म्हणून सांगते. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, तिथेच घोळ होतो. डॉक्टर मज्जातंतूबद्दल बोलत होते. त्यालाही जगायला ऑक्सिजन लागतो, आणि त्यासाठी त्याच्या आवरणांत आणि आतमध्ये अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं स्वतःचं जाळं असतं, त्या एकमेकींना जागोजागी जोडलेल्या असतात त्यामुळे एखादी बंद पडली तरी दुसरीकडून भागतं.

पावलावर लागते ती मोठ्या धमनीची नाडी. पाटाला पाणी आहे म्हणजे शेवटच्या सरीला पोचलंच असं नसतं ना, तसंच. वय वाढतं तसा मज्जातंतूच्या आतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीचा पापुद्रा जाड होत जातो (डायबेटिसमध्ये हेच जास्त जोरात होतं), मग रक्त आलं तरी ऑक्सिजन तंतूपर्यंत झिरपायला कष्ट पडतात. शिवाय बीपी खालीवर झालं तरी मेंदू आपला रक्तप्रवाह सांभाळून घेतो, मज्जातंतूला ते फारसं जमत नाही.

आणि पायच का, तर लांबी. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकेक तंतू जवळजवळ १ मीटर असतो पण त्याची पेशी वर मणक्यापाशी, तिथून निघालेला माल सगळ्यात वेगाने गेला तरी बोटापर्यंत पोचायला २-३ दिवस घेतो. एवढ्या लांब रस्त्यात कुठेही ओढाताण झाली की आधी टोक सुकतं.

पण "चालायचंच" हे मला अजिबात पटलं नाही. वयाने अंगठ्याजवळची कंपनाची जाणीव कमी होते, घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल उडत नाही, इथपर्यंत बऱ्याच म्हाताऱ्या माणसांत दिसतं. चप्पल सुटलेली न कळणं, अंधारात तोल जाणं हे त्याच्या पुढचं आहे. बी१२ व्हिटॅमिन, थायरॉइड, किडनी बघितलंय का, यातलं काही बिघडलं तरी मज्जातंतूंना त्रास होतो. आई शाकाहारी आहे का, शाकाहारात बी१२ कमी पडू शकतं म्हणून विचारते.

नाना_७०
माझं अगदी असंच होतं. वय वय म्हणून दोन वर्षं घालवली, शेवटी बी१२ खूप कमी निघालं. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू होती त्याने बी१२ कमी होऊ शकतं हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं. इंजेक्शनं घेतली, तोल पुष्कळ सुधारला, बोटांचा बधिरपणा मात्र थोडा राहिलाच. म्हणून म्हणतो उशीर करू नका.

फिजिओताई
वर सगळं बरोबर सांगितलंय, मी रोजचं सांगते. एक म्हणजे गरम पाण्यात पाय बुडवणं आणि शेकायची पिशवी बंद, बधिर पायाला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, मोरीच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा, झोपताना तळपाय कोणीतरी डोळ्यांनी बघायचे. खूप वेळ मांडी घालून भाजी निवडत बसत असतील तर मधे मधे उठवा कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मज्जातंतू हाडाला चिकटून जातो, तो दाबला की त्याच्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात, पायाला मुंग्या येतात त्या यानेच. तरुणपणी मिनिटभरात ठीक होतं, या वयात दाब तेवढा सोसत नाही. रोज थोडं चालवा पण सोबत माणूस हवं.

आणि मिश्री लावतात का? विचारलं म्हणून राग नको, आपल्याकडच्या कितीतरी आज्या लावतात आणि तंबाखू म्हणून कोणी मोजतच नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

सांगलीची_लेक
लावते हो, दिवसातून तीनदा, लग्न झाल्यापासून. डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं तेव्हा तिने नाही म्हणून सांगितलं आणि मलाही तेव्हा सुचलं नाही. माळकरी आहे, अंडंसुद्धा नाही, दूध चहापुरतं. आज फोन करून भावाला बी१२, थायरॉइड, किडनी सगळ्याला रक्त द्यायला सांगितलंय, शनिवारी मी स्वतः जातेय. रानजाई, रिपोर्ट आले की इथेच टाकते, बघाल ना?

रानजाई
नक्की. तोवर एक बघून ठेवा, दोन्ही पायांना सारखंच आहे ना? एकाच पायाचं पाऊल अचानक लोंबायला लागलं किंवा लघवीवरचा ताबा गेला तर शनिवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.