जुनी स्मार्ट हायब्रीड बलेनो की ग्लान्झा: सीटखालच्या बॅटरीचं काय बघायचं?

साखळीकर

नमस्कार मंडळी. साखळी ते पणजी रोजच्या ये-जासाठी जुनी लहान पेट्रोल गाडी बघतोय. दोन गाड्या हाताशी आहेत: 2019 ची मारुती बलेनो स्मार्ट हायब्रीड (झेटा मॉडेल), म्हापसा पासिंग, आणि 2020 ची ग्लान्झा, म्हणजे बलेनोच टोयोटाच्या नावाने ('जी' मॉडेल, मॅन्युअल गिअर), डिचोली पासिंग. 'हायब्रीड आहे' म्हणून दोघेही साध्या गाडीपेक्षा जास्त मागतात. सीटखालची लिथियम बॅटरी गेली तर गाडी बंद पडते का? ती चांगली आहे हे ओळखायचं कसं? आणि आपल्याकडच्या पावसात तिचं काय होतं? ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, हायब्रीडचं मला विचारू नका.

पर्वरी_ऑटोइलेक्ट्रिक

साखळीकर बाब, आधी ग्लान्झा खरंच हायब्रीड आहे का ते बघा. जून 2019 मध्ये ती आली तेव्हा जी मॅन्युअल स्मार्ट हायब्रीडच होती. ऑक्टोबरपासून त्याच जी मध्ये साधं इंजिनही मिळायला लागलं. म्हणजे 2020 ची जी दोन्हीपैकी काहीही असू शकते. आरसीवर इंजिन नंबर बघा. के12एन ने सुरू होत असेल तर 90 पीएसचं ड्युअलजेट, म्हणजे हायब्रीड. के12एम असेल तर 83 पीएसचं साधं. डिकीवरच्या बिल्ल्यावर विश्वास नको, तो कुणालाही चिकटवता येतो.

स्मार्ट हायब्रीड गाडीत दोन बॅटऱ्या, दोन्ही 12 व्होल्टच्याच. बॉनेटखाली नेहमीची लेड-ॲसिड आणि पुढच्या डाव्या सीटखाली छोटा लिथियम पॅक. अल्टरनेटरच्या जागी बेल्टवर फिरणारा आयएसजी, म्हणजे स्टार्टर आणि जनरेटर एकातच, असतो. गाडीचा वेग कमी होताना तो चार्जिंग करतो, उचल घेताना इंजिनला थोडा हात देतो आणि सिग्नलला आपोआप थांबलेलं इंजिन (यालाच ऑटो स्टॉप म्हणतात) परत चालू करतो. बस्स, एवढंच. नुसत्या बॅटरीवर ही गाडी चालत नाही. पॅक किंवा पुढची बॅटरी कमजोर झाली की आधी ऑटो स्टॉप बंद होतो आणि गाडी साध्या पेट्रोल गाडीसारखी चालत राहते. मात्र मीटरवर दिवा पेटलेला असेल तर स्कॅन करून कारण कळेपर्यंत बयाणा देऊ नका.

चाचणी अशी घ्या. मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड गाडीचा पहिला स्टार्ट नेहमीच्या स्टार्टरवर होतो, तेव्हा खर्रर्र आवाज येणारच. मग पंधरा-वीस मिनिटं चालवा, इंजिन गरम होऊ दे. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये नेलीत तर उत्तम. बेल्ट लावलेला, दार बंद, एसी बंद, न्यूट्रलमध्ये टाकून क्लच सोडला की इंजिन थांबायला हवं. क्लच दाबला की ते आवाज न करता लगेच चालू व्हायला हवं. इथेही स्टार्टरचा खर्रर्र आला, किंवा इंजिन अडखळत उठलं, तर बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, आयएसजी किंवा बॅटरी यांतलं काहीतरी बघावं लागेल. एसी पूर्ण लावून हीच चाचणी घेतली आणि इंजिन थांबलंच नाही, तर तो दोष समजू नका. आपल्या उकाड्यात केबिन थंड होईपर्यंत सिस्टिम इंजिन थांबवत नाही. ऑटो स्टॉपचं बटण आधीच बंद करून ठेवलेलं नाही ना, तेही बघा.

पुढची बॅटरी बदललेली असेल तर बिल मागा. स्टार्ट-स्टॉपसाठी ईएफबी प्रकारची, म्हणजे वारंवार स्टार्ट सोसणारी लेड-ॲसिड बॅटरी लागते. स्वस्तात साधी बसवलेली असेल तर ती लवकर बसते आणि दोष मात्र हायब्रीडवर येतो.

पैशांचं म्हणाल तर हायब्रीडसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. कागदावर 23.87 विरुद्ध साध्याचं 21.01 किलोमीटर लिटरला. तो फरक मुख्यतः ट्रॅफिकमध्ये मिळतो. साखळी-पणजी मोकळ्या रस्त्यावर इंजिन थांबायची वेळच कमी येते. शिवाय या गाड्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या. आता पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं, त्यात सरासरी आणखी थोडी उतरते. सर्व्हिस सेंटरमधून लिथियम पॅकचं कोटेशन काढा आणि भाव करताना ते समोर ठेवा.

बॉडीवर्क_डिचोली

इलेक्ट्रिकचं वर आलंय, पाण्याचं मी सांगतो, कारण पॅक नेमका फ्लोअरजवळ आहे. 23 जुलै 2021 च्या पुरात सत्तरी आणि डिचोलीत घरांत पाणी शिरलं होतं. ग्लान्झा डिचोलीचीच आहे, तर ऑगस्ट ते ऑक्टोबर 2021 चे सर्व्हिस रेकॉर्ड आणि विम्याचे क्लेम बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डावी सीट पूर्ण मागे-पुढे करून टॉर्चने खाली बघा. रेलचे बोल्ट गंजलेले, कनेक्टरवर हिरवट-पांढरी पूड किंवा पॅकच्या कव्हरवर मातीची रेघ दिसली तर गाडी सोडा. फ्लोअरमॅट नव्हे, त्याखालचं कार्पेट उचला आणि फोमला हात लावा. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. लाल मातीचा डाग बेल्टच्या त्या भागावर राहतो जो कुणी धूत नाही. स्टेपनीचा खड्डा आणि ग्लोव्हबॉक्समागचा ब्लोअर पण बघा. डॅशबोर्डला अत्तराचा वास असेल तर जास्तच बारकाईने बघा.

पूर नसला तरी पावसात ओल्या चपलांचं पाणी डाव्या बाजूला साचतं. एसीचा ड्रेन पाइप तुंबला तरी पाणी तिथेच उतरतं. गाडी घेतल्यावर पावसाळ्यात रबरी ट्रे मॅट वापरा, पण जाड मॅट सीटखाली सरकू देऊ नका.

म्हापशाच्या बलेनोचं वेगळं. ती कळंगुट-कांदोळीच्या बाजूला उभी राहत असेल तर खारं वारं. लिफ्टवर चढवून लोअर आर्म, जॅक पॉइंट, दारांच्या खालच्या कडा आणि बॅटरीचा ट्रे बघा. सायलेन्सरवर वरवरचा गंज चालतो. जॅक पॉइंट स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रे निघाले तर नको. बॉडीला जोडलेली अर्थ वायर मुद्दाम बघा, तिथे गंज धरला की ऑटो स्टॉपचे निम्मे त्रास सुरू होतात. क्लच बघायला आल्तिनोच्या चढावर न्या.

कागदपत्र_मडगाव

दोन्ही गाड्यांचे चासी नंबर रिकॉलसाठी (दोष सुधारायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) तपासा, हे कुणी करत नाही. 8 जानेवारी ते 4 नोव्हेंबर 2019 दरम्यान बनलेल्या पेट्रोल बलेनो फ्युएल पंपासाठी जुलै 2020 मध्ये परत बोलावल्या होत्या. 30 जुलै ते 1 नोव्हेंबर 2019 मधल्या काही गाड्या मार्च 2024 मध्ये पुन्हा. तुमची बलेनो 2019 ची आहे, त्यामुळे नंबर टाकून बघाच. पंप बदलला नसेल तर ते काम फुकट होतं. आयएसजीचा रिकॉल झाला होता तो सियाझ, अर्टिगा या 1.5 लिटरच्या गाड्यांचा, बलेनोचा नाही.

दुसरं, गाडी आधी रेंट-अ-कॅब, म्हणजे भाड्याने देण्याची, काळ्या प्लेटची होती का? काळी प्लेट काढून पांढरी केलेल्या गाड्या आपल्याकडे विकायला येतात. आरसीवर पहिल्या नोंदणीचा वर्ग आणि मालक क्रमांक वाहतूक खात्यात विचारून घ्या. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट असतेच. साधी दिसली तर का, ते विचारा.

गाडी नावावर करायला फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35. ई-चलन बाकी नाहीत ना बघा. विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, हे हप्ता मोजताना धरा.

साखळीकर

खूप आभार. ग्लान्झा के12एम निघाली, म्हणजे साधीच! बलेनोचा ऑटो स्टॉप नीट चालतो. पण मेकॅनिकने गाडी चालू असताना बॅटरीला मीटर लावला, 12.8 व्होल्ट दाखवलं. म्हणतो, चार्जिंग गेलंय, 14 पाहिजे.

पर्वरी_ऑटोइलेक्ट्रिक

त्यावरून आयएसजी बाद करू नका. या गाडीत चार्जिंग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असली की तो व्होल्टेज मुद्दाम खाली ठेवतो आणि ब्रेक लावताना वर नेतो. हेडलाइट, ब्लोअर आणि मागचा डिफॉगर लावून दोन मिनिटं थांबा, मग परत मोजा. आकडा चढला तर चार्जिंग ठीक. तरीही उतरतच गेला तर स्कॅनर लावा. बॅटरीचं खरं माप गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी घ्या. 12.4 च्या खाली असेल तर पुढची ईएफबी बॅटरी बदलायचा खर्च भावातून कमी करा.