घरच्या पोकरमध्ये नियम मध्येच बदलतात, दाजींना सांगायचं कसं?

टिळकवाडीकर:
आम्ही आठजण महिन्यातनं एका शनिवारी वडगावला दाजींच्या घरी पोकर टूर्नामेंट खेळतो. पैसे अजिबात लावत नाही. जिंकणाऱ्याला कुंद्याचा डबा, पहिला बाद होणाऱ्यानं पुढच्या वेळची भजी आणायची. गणपतीच्या जागरणाला रमी नि तीन पत्ती खेळत वाढलेली माणसं आम्ही, "ज्याचं घर त्याचा कायदा" अंगवळणी पडलंय. पण पोकरमध्ये त्यानं सगळा खेळच बिघडतो.

परवाचा डाव सांगतो. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांनी लावायचे चिप्स, १००-२००. दाजींनी ६०० केले. पुढच्या भाच्याकडं ८५० चिप्सच उरलेले, तो ऑल-इन, म्हणजे होते ते सगळे लावले. माझ्याकडं दोन राण्या, मी ८५० लावले. बाकीच्यांनी पत्ते टाकले. पाळी परत दाजींवर आली आणि त्यांनी होते तेवढे सगळे पुढं ढकलले. मी म्हटलं, दाजी, भाच्याचा रेज (आधीच्यावर केलेली वाढ) पुरा नाही, तुम्ही २५० भरा नाहीतर पत्ते टाका. म्हणाले, "आमच्यात चालतं." मागच्या महिन्यात मला हेच करू दिलं नव्हतं! राण्या टाकल्या. मग टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात त्या पत्त्यांत तिसरी राणी आली. त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

ब्लाइंड दर २० मिनिटांनी वाढवायचे ठरलंय, पण दाजींचे चिप्स कमी झाले की चहासाठी घड्याळ थांबतं. टेबलावर दोघं कन्नड बोलणारे दोस्त असतात, त्यांच्यासमोर बहिणीच्या नवऱ्याशी वाद कसा घालायचा?

खानापूर_रोड:
नियम तुमच्याच बाजूनं आहे. २०० चे ६०० म्हणजे ४०० ची वाढ, पुढचा रेज किमान १००० पर्यंत हवा. ८५० तेवढे भरत नाहीत, म्हणून दाजींना परत वाढवता येत नाही. तुमची पाळी मात्र तोवर आलीच नव्हती. तुम्ही वाढवू शकत होता, दोन राण्यांवर तिथंच वाढवायचं होतं.

शहापूर_पेठ:
दादा, घरचा खेळ आहे. ज्यांच्या घरी बसून जेवता, त्यांच्याशी एका डावावरनं कशाला बिघडवता?

निपाणीची_वहिनी:
भाऊ, आमच्याकडंपण हेच होतं. मी वहीच्या एका पानावर नियम लिहिले: घड्याळ मोबाइलवर, सगळ्यांना दिसेल असं. उशिरा येणाऱ्याला तिसऱ्या लेव्हलनंतर (ब्लाइंड वाढायचा एकेक टप्पा म्हणजे लेव्हल) प्रवेश नाही. अडलं तर त्या डावात नसलेल्यानं निकाल द्यायचा. बदल करायचा तर पुढच्या महिन्यापासून. पत्ते वाटायच्या आधी मोठ्यानं वाचायचं, तुमच्याकडं कन्नडमधूनही वाचा. पोकर स्पर्धांचे नियम ठरवणारी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन २००१ पासून आहे, त्यांचे नियम नेटवर फुकट मिळतात. त्यातले पाच-सहाच घ्या, सगळे घेतले तर कुणी ऐकत बसणार नाही.

टिळकवाडीकर:
शहापूरकर, डाव गेल्याचं दुःख नाही ओ. माझा मुलगा शेजारी बसून बघत होता. घरी येताना गाडीवर विचारतो, "पप्पा, मग मागल्या वेळी तुम्हाला का नाही चाललं?" त्याला काय सांगू?

वहिनी, पान आजच लिहायला घेतो. ताई खेळत नाही, पण सगळा वेळ तिथंच असते. निकाल तिच्याकडं दिला तर दाजीपण मानतील. दाजींशी बोलायच्या आधी तिलाच फोन करतो.